तळ्याच्या पायरीवरून सार्त्र

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर उभं राहून बघा. मुंबईची गाडी येते, दार उघडायच्या आधीच खिडक्यांतून पिशव्या बाहेर यायला लागतात. एक म्हातारी दाराशी उभी राहून उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत असते. शेवटी कंडक्टर उतरतो आणि मागे कुणी नसतं. "मावशी, मागून अजून दोन गाड्या हायत," तो म्हणतो. स्टँड माणसांनी फुललेला असतो, भजी तळली जात असतात, पोरं ओरडत असतात. म्हातारीला त्यातलं काही दिसत नाही. तिला दिसतं ते फक्त मुलाचं नसणं, आणि ते सगळ्या स्टँडवर पसरलेलं असतं.

ज्याँ-पॉल सार्त्रने १९४३ साली 'बीईंग अँड नथिंगनेस' या आपल्या जाडजूड ग्रंथात नेमकी हीच गोष्ट सांगितली आहे. त्याच्या गोष्टीत स्टँडऐवजी पॅरिसचा कॅफे आहे आणि मुलाऐवजी पिएर नावाचा मित्र. पिएर ठरल्या वेळी आलेला नाही, आणि सगळा कॅफे त्याच्या न येण्याची मागची भिंत होऊन बसलाय. सार्त्रचं म्हणणं असं की जगात नुसत्या वस्तू असतात. 'नाही' ही गोष्ट माणूस आपल्याबरोबर घेऊन येतो, कारण वाट बघणारा माणूस असतो. पुढे तो आणखी एक विलक्षण मुद्दा मांडतो. वादळ काही नष्ट करत नाही, ते फक्त इकडची वस्तू तिकडे करतं. नाश झाला असं म्हणायला कुणीतरी साक्षीला लागतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. डोंगराच्या बाजूने पाहिलं तर थोडी माती वरून खाली आली, एवढंच. बाकीचं सगळं, म्हणजे ज्याला आपण तळीये म्हणतो ते, नावं मोजत बसलेल्यांच्या बाजूचं.

फ्रेंच अस्तित्ववादाची ओळख करून देणाऱ्या या पुस्तकाची सुरुवात स्टँडवरून का केली, असं कुणी विचारेल. कारण हे पुस्तकच तिथून निघालंय. महाडातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा आम्ही आठ-दहा जण जमत होतो. शिकणारी पोरं, एक-दोन मास्तर, एमआयडीसीत पाळी करून येणारा एकजण. पहिल्याच बैठकीला एका पोराने विचारलं, "सर, कॅफेत बसून सिगारेट ओढणाऱ्यांचं तत्त्वज्ञान आपल्याला काय कामाचं?" मी म्हटलं, "अरे, आधी वाच तर." हे उत्तर लंगडं होतं. त्याला द्यायचं खरं उत्तर पुढे तीन वर्षांनी हाताला लागलं, आणि ते पॅरिसमध्ये मिळालं नाही. ते आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं.

आधी इतिहास, थोडक्यात. डेन्मार्कचा किर्केगार्ड आणि जर्मनीचा नीत्शे हे एकोणिसाव्या शतकातले आजोबा. हुसर्ल आणि हायडेगर हे जवळचे गुरू. यातला हायडेगर पुढे १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला, आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न अस्तित्ववाद्यांच्या वंशजांना अजून सुटलेला नाही. 'एक्झिस्टेन्शियलिस्ट' ही चिठ्ठी गाब्रिएल मार्सेल या कॅथलिक तत्त्वज्ञाने डकवली. सार्त्रने ती आधी झटकली आणि नंतर मिरवली. आल्बेर कामूने ती शेवटपर्यंत नाकारली. सिमोन द बोव्हार आणि मोरिस मेर्लो-पाँती हे या मंडळींतले आणखी दोघे. जून १९४० ते ऑगस्ट १९४४ पॅरिस जर्मनांच्या टाचेखाली होतं, आणि हे तत्त्वज्ञान पिकलं ते त्या चार वर्षांत. शेजारी कोण, हेर कोण, छळ झाला तर आपण तोंड उघडू की नाही, हे प्रश्न तेव्हा दर रात्री दाराशी येत होते. युद्ध संपल्यावर, २९ ऑक्टोबर १९४५ ला, सार्त्रने पॅरिसमध्ये एक व्याख्यान दिलं. त्याला इतकी गर्दी झाली की खुर्च्या मोडल्या. अस्तित्ववाद रातोरात फॅशन झाला, आणि त्याचं निम्मं नुकसान तिथेच झालं.

त्या व्याख्यानातलं सूत्र असं की माणसाच्या बाबतीत अस्तित्व आधी, सत्त्व मागाहून. मराठीत 'इसेन्स'ला कुणी सत्त्व म्हणतं, कुणी सार, कुणी सारतत्त्व. (सार म्हटलं की आमच्याकडे आधी आमसुलाचं आठवतं, म्हणून आम्ही सत्त्व घेतलं.) सार्त्रचा दाखला कागद कापायच्या सुरीचा होता. आम्ही कोयत्याचा घेतला. लोहार लोखंड भट्टीत घालतो तेव्हा कोयता त्याच्या डोक्यात तयार असतो: कशासाठी, केवढा, पातं किती वाकडं. कोयत्याचं सत्त्व आधी ठरतं, कोयता नंतर येतो. माणसाचं तसं नाही. त्याचा आराखडा कुणाच्या डोक्यात नव्हता. तो आधी येऊन पडतो, आणि मग काय काय करत जातो त्यातून कोण आहे ते ठरत जातं.

हे वाचून दाखवलं तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही. मग पोलादपूरकडचा एक पोरगा म्हणाला, "सर, पण आमच्याकडे तर आधी 'कुणाचा रे तू?' असंच विचारतात."

इथे आमचं वाचन खऱ्या अर्थाने सुरू झालं. कुणाचा, कुठल्या वाडीचा. या दोन प्रश्नांत आपल्याकडे माणसाचं सत्त्व आधी काढून घेतात, मग त्याला पाणी विचारतात. किंवा विचारत नाहीत. वाड्यांची नावंच तशी आहेत. सुतारवाडी, कुंभारवाडी, आणि गावाच्या खालच्या अंगाला आणखी एक वाडी, जिचं नाव पिढ्यानुपिढ्या जातीवरूनच घेतलं गेलं. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये. म्हणजे सार्त्रच्या व्याख्यानानंतर पंचाहत्तर वर्षांनी, आणि चवदार तळ्यानंतर त्र्याण्णव वर्षांनी.

चवदार तळ्याची गोष्ट महाडच्या माणसाला सांगायला नको, पण या पुस्तकाचा वाचक महाडबाहेरचाही असेल. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे तळं खुलं केलं. कागदावर. तळ्यावर कुणी गेलं नाही. पुढे मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. परिषदेला आलेल्यांच्या पिण्यासाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं, हे चरित्रकार धनंजय कीरांनी नोंदवून ठेवलंय. पावलांच्या अंतरावर तळं, आणि पाणी विकतचं. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो माणसं मंडपातून निघाली, रांगेने तळ्यावर गेली. त्यांनी ओंजळीने पाणी घेतलं.

त्या ओंजळीकडे जरा थांबून बघावं लागतं. पाण्याची चव बदलली नाही. कागदावर तर तळं तीन वर्षांपूर्वीच खुलं झालं होतं. मग झालं काय? हजारो वर्षं जे सत्त्व पोथीत आधी लिहून ठेवलं होतं, जन्माआधीच, ते एका कृतीने खोटं पाडलं गेलं. आपण पाण्यासाठी नव्हे, तर आपणही माणसं आहोत हे प्रस्थापित करायला तळ्यावर जात आहोत, अशी मांडणी बाबासाहेबांनी पुढच्या परिषदेत केली. ही परिषद त्याच वर्षी डिसेंबरात भरली, आणि २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली. अस्तित्व आधी, सत्त्व मागाहून, हे सूत्र पॅरिसमध्ये बोललं गेलं त्याच्या अठरा वर्षं आधी महाडात पायऱ्या उतरून गेलं होतं. योगायोग असा की हायडेगरचा 'बीईंग अँड टाइम' त्याच १९२७ चा, आणि सार्त्र तेव्हा पॅरिसच्या एका नामांकित विद्यालयात विद्यार्थी होता; पुढच्याच वर्षी अध्यापनाच्या परीक्षेत नापास व्हायचा होता.

इथे एक खबरदारी घेतो, कारण उत्साहात आमच्या बैठकीतल्या दोघांनी ती घेतली नव्हती. बाबासाहेब अस्तित्ववादी होते असं मला म्हणायचं नाही. त्यांचे गुरू कोलंबियातले जॉन ड्यूई, त्यांची वाट वेगळी, आणि पुढे ती बुद्धाकडे गेली. माझं म्हणणं एवढंच की सार्त्रचं ते सूत्र नुसतं वाचून कळत नाही. ते कळायला एखादं तळं लागतं, आणि आमच्याकडे ते आहे.

अजून एक धागा आहे, तो मला वाचनात उशिरा सापडला आणि मी दोन दिवस नीट झोपलो नाही. डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली होती. आणि सार्त्रने १९६० मध्ये आणखी एक प्रचंड ग्रंथ लिहिला, 'क्रिटिक ऑफ डायलेक्टिकल रीझन'. तोवर त्याला स्वतःचंच आधीचं तत्त्वज्ञान अपुरं वाटायला लागलं होतं. एकट्या माणसाचं स्वातंत्र्य ठीक, पण माणसं मिळून इतिहास कसा घडवतात? तिथे तो बसच्या रांगेचं उदाहरण देतो. रांगेतली माणसं एकत्र असतात पण एकमेकांची नसतात. प्रत्येकजण दुसऱ्यासाठी फक्त एक नंबर, आणि बसमध्ये जागा कमी. महाडच्या स्टँडवर शिमग्याला उभं राहिलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. पण कधीतरी रांग मोडून घोळका होतो आणि प्रत्येकाला वाटतं, हे मीच करतोय आणि हे आपण करतोय. या दुसऱ्या गोष्टीसाठी सार्त्रने उदाहरण घेतलं ते १४ जुलै १७८९ चं, बास्तीलचं. म्हणजे महाडात बोलणारा माणूस १९२७ मध्ये पॅरिसच्या ज्या वर्षाकडे बोट दाखवत होता, तेच वर्ष पॅरिसचा माणूस तेहतीस वर्षांनी उचलतो. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. या पुस्तकातलं सर्वात लांब प्रकरण याच्यावर आहे आणि संपादनात ते कमी करायला मी नकार दिला.

मराठीत अस्तित्ववाद आला तो मात्र या वाटेने आला नाही. तो साठोत्तरी साहित्यातून आला, तुटलेपण आणि परात्मता या शब्दांचे कपडे घालून. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आली आणि समीक्षकांनी तिच्या नायकाच्या, पांडुरंग सांगवीकरच्या गळ्यात ही माळ घातली. विलास सारंगांनी तर आपल्या समीक्षेच्या पुस्तकाच्या नावातच कामूच्या सिसिफसला बसवलं. हे सगळं मोलाचं आहे, मी त्यावरच वाढलो. पण त्यातून आपल्याकडे असा समज बसला की अस्तित्ववाद म्हणजे एक मूड. खोलीत एकटं बसून आढ्याकडे बघणं. त्याच १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. जात लपवून दुसऱ्या गावात राहणारा माणूस, लोकांच्या नजरेत एक आणि आत एक. सार्त्रच्या विद्यार्थ्याने या कथेवर शंभर पानं लिहिली असती. आपल्या समीक्षेने मात्र तो संग्रह दलित साहित्याच्या कपाटात ठेवला आणि 'कोसला' अस्तित्ववादाच्या. कपाटं चुकली असं माझं मत आहे.

नजरेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सार्त्रच्या मते दुसऱ्याची नजर मला वस्तू करते. मी किल्लीच्या भोकातून आत बघत असतो तोवर मी मोकळा असतो. मागे पावलं वाजली की मी चोरून बघणारा होतो, एक ठरलेला माणूस. फ्रांत्झ फॅनन हा मार्तिनिकचा काळा डॉक्टर यावर अडला. १९५२ मध्ये त्याने दाखवून दिलं की सगळ्या नजरा सारख्या नसतात. गोऱ्याच्या नजरेत काळ्याची कातडी आधीच निकाल देऊन बसलेली असते; पाऊल वाजायचीही गरज नाही. सार्त्रने फॅननला मान दिला. १९६१ मध्ये त्याच्या शेवटच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. सार्त्र आणि प्रस्तावना हे प्रकरण मात्र धोक्याचं होतं. लेखक ज्याँ जनेच्या ग्रंथावलीसाठी प्रस्तावना मागितली तर त्याने कित्येक शे पानांचं स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. मी प्रस्तावनेवरच थांबणार आहे, काळजी नसावी.

भीती आणि धास्ती यातला सार्त्रचा फरक आम्हाला रायगडाच्या टकमक टोकावर कळला. हा किल्ला महाड तालुक्यातच आहे, वर्षातून एकदा जाणं होतंच. टोकाच्या अलीकडे वारा इतका असतो की टोपी हातात धरावी लागते. खाली दरी. आपण घसरू, दगड सुटेल, ही भीती. पण त्याच्या आत आणखी एक चमत्कारिक थरथर असते, पोटात. मला अडवणारं इथे काहीच नाही, मीच मला अडवतोय, आणि पुढच्या क्षणी अडवीन याची हमी कोण देणार? ही धास्ती दरीची नसते, ती आपल्याच मोकळेपणाची असते. सार्त्रने हे उदाहरण कड्याचंच दिलंय. फक्त त्याच्या कड्याला रोप-वे नव्हता.

या धास्तीपासून पळायच्या वाटेला त्याने जे नाव दिलं त्याला आम्ही 'आत्मवंचना' म्हटलंय. त्याचा वेटर प्रसिद्ध आहे, जरा जास्तच वेटरसारखा वागणारा. आमच्याकडचे मासले निराळे: "वरून ऑर्डर आहे." "आमच्या घराण्यात चालत नाही." "पूर्वापार पद्धत आहे, मी काय करणार?" यातला शेवटचा तर थेट कोर्टात गेला होता. तळ्यावर अस्पृश्यांनी यायचं नाही ही अनादी प्रथा आहे, असा दावा महाडच्या काही सवर्णांनी लावला, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने प्रथा सिद्ध होत नाही म्हणून तो फेटाळला. दहा वर्षं लागली.

कामूबद्दल आमच्यात एकमत झालं नाही, आणि पुस्तकात ते लपवलेलं नाही. तो अल्जीरियाचा, १९१३ चा जन्म. बाप पहिल्या महायुद्धात गेला. आई कमी ऐकणारी, दुसऱ्यांच्या घरी साफसफाई करणारी. १९४७ ची त्याची 'द प्लेग' ही कादंबरी आमच्या लोकांना एकदम जवळची वाटली, कारण २०२१ च्या पुरानंतर महाडची बाजारपेठ त्यांनी स्वतः खरवडली होती. दुकानात कमरेएवढा चिखल, वर डिझेलचा वास, वह्या फुगलेल्या. शहाण्या माणसांनी तेव्हा कारणं शोधली: धरण, भराव, वाळू, देव. कामूचा डॉक्टर रिए यातलं काही शोधत बसत नाही. तो पुढच्या रोग्याकडे जातो. फावडं घेऊन शेजाऱ्याच्या दुकानात शिरणाऱ्याला त्याचं वागणं समजावून द्यावं लागलं नाही.

अडलो ते सिसिफसपाशी. धोंडा डोंगरावर चढवायचा, तो गडगडत खाली येणार, पुन्हा चढवायचा, कायमचा. आणि १९४२ मध्ये कामू सांगतो की या माणसाला सुखी समजावं. पोलादपूर तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यांना टँकर लागतो. झऱ्याच्या तोंडाशी बसून वाटीवाटीने हंडा भरायचा, डोक्यावर चुंबळ, वर हंडा, हंड्यावर कळशी, मग चढण. संध्याकाळपर्यंत हंडा रिकामा. उद्या पुन्हा झरा. त्या बाईला सुखी समजा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सिमोन द बोव्हारने १९४९ च्या 'द सेकंड सेक्स'मध्ये घरकामाला सिसिफसच्या शिक्षेची उपमा दिली आहे, आणि तिथे सुखाची शिफारस नाही. बाईपण जन्माबरोबर येत नाही, वाढवताना अंगावर चढवलं जातं, हा तिचा मुद्दा म्हणजे सार्त्रचं सूत्र आहे, पण पाय जमिनीवर ठेवून. करुणा गोखले यांनी हे पुस्तक मराठीत आणलंय. ते आधी वाचलं तर आमचं निम्मं पुस्तक वाचायची गरज उरणार नाही.

शब्दांसाठी आम्ही आंबेनळी घाट चढून वाईला गेलो नाही, पण वाईच्या मराठी विश्वकोशाचा १९७६ चा पहिला खंड टेबलावर कायम होता. त्यात 'अस्तित्ववाद' ही नोंद आहे. तिची भाषा शुद्ध आणि सुबक आहे. आमची तशी नाही. आणखी एक कबुली: शिवथर घळीवर स्वतंत्र प्रकरण लिहायचं होतं. दासबोध तिथे लिहिला गेला असं परंपरा मानते. 'मी कोण' हा प्रश्न आणि प्रयत्नाचा आग्रह दोन्ही तिथे आहेत, मात्र प्रश्नाचं उत्तर आधीच तयार आहे, आणि सार्त्रशी भांडण नेमकं तिथेच. ते प्रकरण जमलं नाही.

वाचनालयात चहा देणाऱ्या बाई सिसिफसच्या दिवशी दाराशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. कप गोळा करताना त्यांनी विचारलं, "पण तो धोंडा वर न्यायचा होता कुणासाठी?" कुणालाच उत्तर आलं नाही. पाचव्या प्रकरणात आम्ही ते द्यायचा प्रयत्न केलाय. छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवलं. त्यांना पटलेलं नाही.